निःसरण-कल्पना आणि मूलस्रोताच्या क्षयाचा प्रश्न

१८९९ साली कॅनडातील माँट्रिऑल येथे मॅक्‌गिल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थोरियमच्या किरणोत्सर्गाचे मापन चालू असता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक आर. बी. ओवेन्स ह्यांना असे आढळले की, उपकरणावरून हवेचा झोत गेला म्हणजे थोरियमच्या संयुगांचे मापन बदलते. युरेनियमच्या बाबतीत तसे काही घडत नाही. अर्नेस्ट रदरफोर्ड ह्यांनी ह्या गोष्टीचा पाठपुरावा केला आणि जानेवारी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखविले की, थोरियमपासून नेहमीच्या किरणांखेरीज आणखी काही तरी बाहेर पडते, ते हवेबरोबर वाहून जाते आणि त्याची क्रियाशीलता सुमारे एका मिनिटात निम्म्यावर येते. हे ‘काही तरी’ वायू आहे, बाष्प आहे की सूक्ष्म धूलिकण आहेत, हे त्या वेळी निश्चयाने सांगण्याजोगे नव्हते. तेव्हा पुढील संशोधनाला कोठेही अडसर होऊ नये अशा बेताने त्यांनी एक तटस्थ शब्द योजला : ‘इमॅनेशन’.

हा शब्द वस्तुतः मुळीच तटस्थ नव्हता. ‘बाहेर वाहणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला असून त्याच्या मागे ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लामी विचारवंतांचा सुमारे दोन सहस्र वर्षांचा वाद उभा आहे. ग्रीकमध्ये ह्याच अर्थी ‘अपोरोइया’ हा शब्द होता. अरबी तत्त्वज्ञांनी त्यासाठी ‘फैज’ हा शब्द रूढ केला. त्याचा मूळ अर्थ पाणी काठोकाठ भरून ओसंडणे असा असून, कृपा वा औदार्य ह्या अर्थाने तो फार्सी-उर्दूतून आपल्याकडेही आला; खानदेशातील फैजपूरच्या नावात तो दिसतो. मराठीत ह्या कल्पनेला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. प्रस्तुत लेखात ‘निःसरण’ हा शब्द योजिला आहे. ‘सृष्टी’ हा शब्दही वास्तविक चालला असता, कारण ‘सृज्’ धातूचा मूळ अर्थ सोडणे, बाहेर टाकणे असा आहे. परंतु ‘सृष्टी’ म्हणजे ‘निर्मिती’ हे समीकरण आता इतके पक्के बसले आहे की, त्यातील बाहेर सोडण्याचा भाव कोणाच्याही मनात उरलेला नाही. भारतीय दर्शनग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांनी ह्या विस्मरणास पुष्कळ हातभार लावला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

निःसरण-कल्पनेच्या इतिहासात अनेक प्रश्न गुंतलेले आहेत, पण त्या सर्वांच्या बुडाशी एक अगदी साधा, जवळजवळ व्यावहारिक म्हणावा असा प्रश्न आहे. ज्यातून काही निघते, ते त्यामुळे कमी होते की नाही? मडक्यातून पाणी ओतले तर मडके रिते होते. दिव्याने दिवा लावला तर पहिला दिवा मंदावत नाही. जगाचे मूलकारण ह्या दोहोंपैकी कोणासारखे आहे, ह्यावर पंथ फुटले, धर्मसभा भरल्या आणि पुढे प्रकाशाच्या स्वरूपाविषयीचा भौतिकशास्त्रीय वादही ह्याच प्रश्नाशी येऊन अडखळला.

ग्रीक विचारात निःसरण प्रथम आले ते जडवस्तूंच्या संदर्भात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एम्पेडोक्लीझ ह्याने असे मानले की, सर्व वस्तूंमधून सतत सूक्ष्म प्रवाह निघत असतात आणि ते इंद्रियांच्या रंध्रांत शिरले म्हणजे ज्ञान होते. डिमॉक्रिटस व त्याच्या परंपरेतील अणुवादी ह्यांनी वस्तूंच्या पृष्ठभागावरून सुटणाऱ्या पातळ प्रतिमांची कल्पना मांडली. ही निःसरणे सरळसरळ द्रव्यमय होती आणि त्यांमुळे मूळ वस्तूची झीज होते, हे मानण्यास कोणालाच अडचण नव्हती.

अडचण उत्पन्न झाली ती हा शब्द ईश्वराला लावल्यावर. इसवी सनाच्या आरंभीच्या काळात अलेक्झांड्रिया नगरीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या ज्यू पंडितांनी प्रज्ञा ही ईश्वरी वैभवाचे निःसरण होय, असे म्हटले. बायबलच्या जुन्या करारातील ‘गणना’ ह्या ग्रंथात मोझेसवरील ईश्वरी चैतन्याचा अंश काढून सत्तर वडीलधाऱ्यांवर ठेवल्याची कथा आहे. ‘काढून’ म्हटल्यावर मोझेसजवळचे कमी झाले काय, ही शंका साहजिकच येते. फायलो ह्या अलेक्झांड्रियन विचारवंताने तिला असे उत्तर दिले की, एका अग्नीवर सहस्र मशाली पेटविल्या तरी अग्नी जसाच्या तसाच राहतो. हा दृष्टांत पुढे फार दूरवर गेला. ह्याच कथेतील हिब्रू क्रियापदाशी संबंधित ‘अत्सिलूत’ हा शब्द मध्ययुगीन कब्बाला-संप्रदायाने निःसरणाची संज्ञा म्हणून स्वीकारला आणि अनंत ईश्वरापासून दहा ‘सेफिरोत’ कसे प्रकट होतात ह्याचे सविस्तर शास्त्र रचले. सोळाव्या शतकात आयझॅक लूरिया (१५३४–१५७२) ह्याने मात्र प्रश्नच उलटा केला. सर्वत्र ईश्वरच भरलेला असेल तर बाहेर वाहण्यास जागा कोठून आली? म्हणून प्रथम ईश्वर स्वतःला आकुंचित करून घेतो व त्या रिकाम्या जागेत निःसरण होते, अशी त्याची मांडणी आहे.

ख्रिस्ती धर्मात ह्या शब्दाचे भाग्य विचित्र ठरले. दुसऱ्या शतकात व्हॅलेंटायनस ह्याच्या ज्ञानवादी पंथाने ईश्वरापासून एकामागून एक दिव्य तत्त्वे निघाल्याचे सांगितले, त्यामुळे सनातनी ख्रिस्ती लेखकांना हा शब्द पाखंडी वाटू लागला. तथापि पिता आणि पुत्र ह्यांचा संबंध सांगताना झरा व नदी, सूर्य व किरण हे दृष्टांत टर्टुलियनलाही टाळता आले नाहीत. चौथ्या शतकात एरियस ह्याने आपल्या पत्रात स्पष्टच म्हटले की, पुत्र हा व्हॅलेंटायनसच्या अर्थाने पित्यातून निघालेला मानता येत नाही. तसे मानल्यास पित्याचे विभाजन होते. ३२५ साली नायसीया येथील धर्मसभेने एरियसचा निषेध केला आणि प्रकाशातून प्रकाश ही प्रतिमा आपल्या श्रद्धासूत्रात घातली. म्हणजे शब्द टाकला, पण दृष्टांत ठेवला. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन धर्मसभेने तर सान्त वस्तू ईश्वरी द्रव्यातून निःसृत झाल्या असे म्हणणाऱ्यांना बहिष्कृत ठरविले. गंमत अशी की, तेराव्या शतकात संत टॉमस अक्वायनस ह्याने आपल्या मुख्य ग्रंथात विश्वकारणापासून समस्त अस्तित्वाचे होणारे ‘एमानातिओ’ हेच निर्मिती होय, अशी व्याख्या निःशंकपणे केली होती.

निःसरणवाद म्हटला म्हणजे ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो प्लोटायनस (सुमारे २०४–२७०) होय. अलेक्झांड्रियात अमोनियस सॅकस ह्याच्याजवळ अध्ययन केल्यावर पारशी व भारतीय तत्त्वज्ञान जाणून घेण्याच्या इच्छेने तो २४३ साली सम्राट तिसरा गॉर्डियन ह्याच्या इराणवरील स्वारीत सामील झाला, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. मेसोपोटेमियात सम्राट मारला गेला. प्लोटायनस कसाबसा अँटिऑकला पोहोचला आणि पुढे रोममध्ये स्थायिक झाला. भारतापर्यंत तो कधीच आला नाही. एवढ्या तुटपुंज्या आधारावर त्याचे तत्त्वज्ञान उपनिषदांतून आले असा तर्क करण्यात येतो. फ्रेंच पंडित एमिल ब्रेये ह्याने १९२८ साली हे मत विद्वत्तेने मांडले. १९३६ साली ए. एच. आर्मस्ट्राँग ह्यांनी त्याचे खंडन केले आणि ग्रीक परंपरेतूनच प्लोटायनसची उपपत्ती लागते असे दाखविले. उपलब्ध पुरावा पाहता आर्मस्ट्राँग ह्यांचा पक्ष अधिक सबळ दिसतो. सादृश्य हा ऋणाचा पुरावा होत नाही.

प्लोटायनसच्या मते ‘एक’ हे परमतत्त्व सर्वस्वी पूर्ण आहे आणि जे पूर्ण ते आपोआप प्रसवते. त्यापासून बुद्धी, बुद्धीपासून आत्मा आणि आत्म्यापासून हे इंद्रियगोचर जग, अशी उतरण आहे. हे समजावून देताना सूर्याचा प्रकाश, अग्नीची उष्णता, बर्फाचा गारवा, सुगंधी द्रव्याचा दरवळ, कधीही न आटणारा झरा असे दृष्टांत तो देतो. पण तो तितक्याच आग्रहाने हेही बजावतो की, ‘एक’ हे आपल्या ठिकाणीच राहते, त्यातून काही तुटून निघत नाही. दृष्टांत द्रव्याचे आहेत, सिद्धान्त मात्र द्रव्याला लागू न पडणारा आहे. ह्यामुळेच १९६५ साली जर्मन अभ्यासक हाइनरिश ड्योरी ह्यांनी असे प्रतिपादन केले की, उत्तरकालीन ग्रीक विचारात निःसरण हा मुळात तत्त्वज्ञानाचा शब्दच नव्हे. हे विधान थोडे अतिरेकी असले तरी पाठ्यपुस्तकांतून प्लोटायनसवर ‘निःसरणवादी’ ही चिठ्ठी चिकटविणाऱ्यांनी ते ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्लोटायनसचा विचार इस्लामी जगात पोहोचला तो दुसऱ्याच्या नावावर. नवव्या शतकात बगदाद येथे इब्न नाइमा अल्-हिम्सी ह्याने त्याच्या ग्रंथातील काही भागांचे अरबीत रूपांतर केले, अल्-किंदी ह्याने ते सुधारले आणि ते ‘ॲरिस्टॉटलचे ईश्वरशास्त्र’ म्हणून प्रसिद्धी पावले. प्रॉक्लस (मृत्यू ४८५) ह्याच्या ग्रंथातून घेतलेली दुसरी एक पोथीही अशीच ॲरिस्टॉटलच्या नावे खपली. तिचे लॅटिन भाषांतर युरोपच्या विद्यापीठांत शिकविले जाऊ लागले. विल्यम ऑफ मुर्बेके ह्याने १२६८ साली प्रॉक्लसचा मूळ ग्रंथ लॅटिनमध्ये आणल्यावर टॉमस अक्वायनसने दोन्ही ताडून पाहिले आणि १२७२ च्या सुमारास ही चूक उघड केली. पाठचिकित्सेच्या इतिहासात ह्या घटनेला मानाचे स्थान द्यावयास हवे.

अल्-फाराबी (मृत्यू ९५०) आणि इब्न सिना (९८०–१०३७) ह्यांनी ह्या विचाराला टॉलेमीच्या खगोलाची जोड दिली. एकापासून एकच निघू शकते, हा त्यांचा मूलनियम. ईश्वरापासून पहिली बुद्धी निघते. इब्न सिनाच्या मते ती आपल्या कारणाचे चिंतन करते तेव्हा दुसरी बुद्धी, आपल्या आवश्यकतेचे चिंतन करते तेव्हा गोलाचा आत्मा आणि आपल्या शक्यतेचे चिंतन करते तेव्हा गोलाचे शरीर उत्पन्न होते. असे करीत दहाव्या बुद्धीपाशी आपण चंद्राच्या खालच्या, नश्वर जगात येतो. ही रचना मोहक आहे, पण तिच्यात ईश्वराला इच्छा नाही. सूर्याला प्रकाश न देण्याची सोय नसते, तसे हे आहे. अल्-गझाली ह्याने १०९५ साली ‘तहाफुत अल्-फलासिफा’ ह्या ग्रंथात नेमका हाच आक्षेप घेतला. ज्याच्याकडून क्रिया इच्छेवाचून घडते त्याला कर्ता म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय. आणि ही सगळी बुद्धिमालिका कोणी स्वप्न म्हणून सांगितली असती तरी लोकांनी त्याच्या प्रकृतीत बिघाड झाला असे मानले असते, अशी बोचरी टीकाही त्याने केली. पुढे बाराव्या शतकात इब्न रुश्द ह्याने गझालीला उत्तर दिले खरे. पण विशेष हा की, ॲरिस्टॉटलच्या शुद्ध मताचा कैवार घेताना त्याने इब्न सिनाचा निःसरणक्रमही अमान्य केला. ईश्वराचा क्षय होतो की नाही, ह्या प्रश्नाची जागा येथे ईश्वराच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नाने घेतली.

भारतीय दर्शनांत क्षयाचा प्रश्न जितक्या रोखठोकपणे विचारला गेला तितका क्वचितच अन्यत्र विचारला गेला असेल. मुंडकोपनिषदात कोळ्याने आपल्यातूनच तंतू काढावा, पेटलेल्या अग्नीतून ठिणग्या उडाव्यात, असे दृष्टांत आहेत. पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते, हा बृहदारण्यकातील मंत्र तर सर्वांच्या कानावर असतो. पण ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील कृत्स्नप्रसक्ति-अधिकरण ह्या काव्यावर समाधान मानीत नाही. ब्रह्म जगद्रूप झाले म्हणता, तर सगळेच झाले की त्याचा एक भाग झाला? सगळे झाले असेल तर ब्रह्म शिल्लक राहिले नाही; भाग झाला असेल तर ब्रह्म निरवयव आहे, ह्या श्रुतीला बाध येतो. दुधाचे दही झाल्यावर दूध उरत नाही, ही घरोघरची गोष्ट आहे. सूत्रकार येथे श्रुतीचा आधार घेऊन पुढे जातात. शंकराचार्य नामरूपाचा भेद अविद्याकल्पित ठरवून पेच सोडवितात. काही निघालेच नाही, तर कमी होण्याचा प्रश्न कोठे राहिला? पंधराव्या-सोळाव्या शतकांत वल्लभाचार्यांनी (१४७९–१५३१) अविकृतपरिणामवाद मांडला. सोन्याचे दागिने झाले तरी सोने विकार पावत नाही, तद्वत् ब्रह्म जग होऊनही ब्रह्मच राहते.

ह्या सर्वांत निःसरण ह्या नावाला खऱ्या अर्थाने पात्र असे मत पांचरात्र आगमाचे आहे. वासुदेवापासून संकर्षण, संकर्षणापासून प्रद्युम्न, प्रद्युम्नापासून अनिरुद्ध, हा व्यूहक्रम महाभारताच्या नारायणीय उपाख्यानातही आढळतो. एफ. ओटो श्राडर ह्यांनी १९१६ साली अड्यारहून प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात पांचरात्रिकांचा आवडता दृष्टांत ज्योतीपासून ज्योत लागण्याचा आहे, हे निदर्शनास आणले. फायलोच्या मशालींशी हे साम्य कोणाच्याही नजरेत भरेल. तथापि दिवे भूमध्य समुद्राच्या काठी लागत तसेच कावेरीच्या काठीही लागत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे उसनवारीची कल्पना करण्याचे कारण उरत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ह्या क्रमावर आक्षेप घेतला की, संकर्षण म्हणजे जीव असेल आणि तो उत्पन्न होत असेल तर तो अनित्य ठरेल, मग मोक्ष कोणाला? रामानुजाचार्यांनी त्याच सूत्रांचा अर्थ पांचरात्राच्या समर्थनपर लावला. एकाच अधिकरणातून दोन आचार्यांनी परस्परविरुद्ध निर्णय काढावेत, ह्यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळून येते.

महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्या चिद्विलासाची तुलना कित्येकदा निःसरणवादाशी केली जाते. ती जपून केली पाहिजे. अमृतानुभवाच्या सातव्या, सर्वांत विस्तृत प्रकरणात ज्ञानेश्वरांनी अज्ञानाचे खंडन केले आहे, म्हणजे जगाचा आभास अविद्येवर ढकलण्याची वाट त्यांनी बंद केली. पण त्यांच्याकडे पायऱ्यांची उतरणही नाही. प्लोटायनसच्या जगात खाली यावे तसा प्रकाश मंद होत जातो. ज्ञानेश्वरांच्या जगात मंदावण्याला वावच नाही. ज्या मतात अंतर नाही, त्याला निःसरण म्हणणे शब्दाला ताण देण्यासारखे आहे.

युरोपात सतराव्या शतकात ही कल्पना पुन्हा जडसृष्टीकडे वळली. विल्यम गिल्बर्ट ह्याने १६०० साली चुंबकावरील ग्रंथात असे म्हटले की, घासलेल्या अंबरातून सूक्ष्म द्रव्यस्राव निघतो व तो काडीकचरा ओढतो; चुंबकातून मात्र असा स्राव निघत नाही. रॉबर्ट बॉइल ह्याने १६७३ साली ह्या स्रावांवर निबंधच लिहिले आणि तराजू हाती घेतला. उघड्यावर ठेवलेल्या हिंगाचे वजन सहा दिवसांत एक अष्टमांश ग्रेनने घटले, असे त्याला आढळले. खोलीभर वास पसरूनही घट एवढीच! प्लोटायनसच्या दरवळाच्या दृष्टांताची ही पहिली वजनमापे म्हणता येतील, आणि निकाल प्लोटायनसच्या विरुद्ध गेला.

सूर्याचे काय? न्यूटनच्या मताप्रमाणे प्रकाश म्हणजे तेजस्वी वस्तूंतून सुटणारे सूक्ष्म कण असतील, तर सूर्य झिजला पाहिजे. न्यूटनला ही अडचण ठाऊक होती; ‘प्रिन्सिपिया’च्या अखेरीस, ताऱ्यांवर पडणारे धूमकेतू त्यांचे इंधन भरून काढीत असावेत, असा तर्क त्याने केला आहे. १७४६ साली ऑयलर ह्याने तरंगमताचा पुरस्कार करताना सूर्याच्या ह्या ऱ्हासाचा आक्षेप पुढे केला. बेंजामिन फ्रँक्लिन ह्याने १७५२ सालच्या पत्रात तीच शंका काढली. फ्रेनेलचे गणित आणि १८५० सालचा फूकोचा पाण्यातील प्रकाशवेगाचा प्रयोग ह्यांनी कणमत मागे पडले व सूर्याची काळजी मिटल्यासारखी झाली. विसाव्या शतकात ती परत आली. वस्तुमान आणि ऊर्जा ह्यांच्या समतुल्यतेनुसार सूर्य केवळ प्रकाशापोटी दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान गमावतो. ऑयलरचा आक्षेप खरा होता. त्याची तीव्रता तेवढी त्याला मोजता आली नव्हती.

१९०३ साली पॅरिसमध्ये पिएर क्यूरी आणि लाबोर्द ह्यांनी एक ग्रॅम रेडियम दर तासाला सुमारे १०० कॅलरी उष्णता देते, असे मोजले. तासाभराच्या आत स्वतःच्या वजनाइतके बर्फ वितळविणारा हा पदार्थ स्वतः मात्र घटताना दिसेना. न झिजता देत राहणारा स्रोत प्रयोगशाळेतच सापडला, असे क्षणभर वाटावे अशी ही स्थिती होती. रेडियमपासून निघणाऱ्या इमॅनेशनची नोंद हाल येथील एफ. ई. डॉर्न ह्यांनी १९०० मध्येच केली होती. पण ते द्रव्य आहे हे पिएर क्यूरी काही काळ मान्य करीत नव्हते, त्यांना तो ऊर्जेचाच एक प्रकार वाटे. इकडे माँट्रिऑलमध्ये फ्रेडरिक सॉडी ह्यांनी थोरियमचे इमॅनेशन तप्त प्लॅटिनम, मॅग्नेशियम इत्यादींवरून नेऊन पाहिले. कशाचाही परिणाम होईना. म्हणजे ते अरगॉनच्या कुळातील निष्क्रिय वायू होते, आणि द्रव हवेच्या थंडीत ते गोठले. १९०२ साली रदरफोर्ड व सॉडी ह्यांनी निष्कर्ष काढला की, एका मूलद्रव्याचा अणू फुटून दुसऱ्याचा होत आहे. ‘रूपांतर’ हा शब्द सॉडींच्या तोंडून निघाला तेव्हा लोक आपल्याला किमयागार म्हणतील, असे रदरफोर्ड ह्यांनी त्यांना बजावल्याची आठवण सॉडींनीच पुढे नमूद केली आहे. येथे दुधाचे दही होत होते. कोणत्याही अणूच्या बाबतीत दूध शिल्लक राहत नव्हते.

मग रेडियम घटताना का दिसत नव्हते? त्याचा अर्धायुःकाल सुमारे १६०० वर्षांचा, तर त्याच्या इमॅनेशनचा ३.८ दिवसांचा. बंद नळीत रेडियम ठेवले तर सुमारे महिन्याभरात अशी अवस्था येते की, जेवढे इमॅनेशन उपजते तेवढेच नष्ट होते आणि त्याचे प्रमाण स्थिर भासते. १९१० साली ब्रसेल्स येथे भरलेल्या किरणविज्ञान परिषदेत ह्याच समतोलावर किरणोत्सर्गाचे एकक बेतले गेले : एक ग्रॅम रेडियमशी समतोल असलेले इमॅनेशन म्हणजे एक ‘क्यूरी’. त्याचे घनफळ जेमतेम ०.६ घन मिलिमीटर भरते. त्याच वर्षी रॅम्झी आणि व्हिटलॉ-ग्रे ह्यांनी सूक्ष्मतुलेवर ह्या वायूचे वजन केले व त्याला ‘निटॉन’ हे नाव सुचविले. १९२३ च्या सुमारास ‘रेडॉन’ हे नाव रूढ झाले, आणि मूलद्रव्यांच्या कोष्टकांतून ‘इमॅनेशन’ हा शब्द हळूहळू नाहीसा झाला.